कोबीतली अळी, डुकरातला जंत आणि डोक्यातली गाठ

ढोरवैद्य

घरच्या ग्रुपवर परत तो फॉरवर्ड येऊन पडला. कोबीच्या गड्ड्यात हिरवी अळी, बाजूला कुणाच्या तरी मेंदूचा एमआरआय, खाली ‘ही अळी शिजवली तरी मरत नाही, मेंदू खाते, कोबी बंद करा’. मामी म्हणाल्या, आम्ही तर कोबी आणणंच सोडलंय. मी पशुवैद्य. नोकरीचा बराच काळ कत्तलखान्यात मांसतपासणी करण्यात गेला, त्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही. म्हणून हा धागा.

आधी त्या बिचाऱ्या अळीला निर्दोष सोडू. ती पतंगाची नाहीतर फुलपाखराची अळी. शिजली की मेली, आणि चुकून कच्ची पोटात गेलीच तर पचून जाते. मेंदूत जातो तो प्राणी वेगळा: टिनिया सोलियम, म्हणजे डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी, टेपवर्म.

त्याचा फेरा असा. पूर्ण वाढलेला जंत राहतो फक्त माणसाच्या लहान आतड्यात. लांबी साधारण २ ते ४ मीटर, कधी त्याहूनही जास्त. शेपटाकडचे तुकडे अंड्यांनी भरले की सुटतात आणि शौचावाटे बाहेर पडतात. एकेका तुकड्यात ५०,००० च्या घरात अंडी. उघड्यावरची ती घाण डुकराने खाल्ली की अंड्यातला भ्रूण सुटतो, आतड्याची भिंत पार करून रक्तात शिरतो आणि स्नायूंमध्ये पाण्याने भरलेली पुटी होऊन बसतो. कापलेल्या मांसात या पुट्या भिजलेल्या साबुदाण्यासारख्या दिसतात. जीभ, गालाचे स्नायू, हृदय, श्वासपटल. आम्ही सुरी आधी तिथे चालवतो. असं मांस अर्धवट शिजवून खाल्लं की पुटीतलं डोकं माणसाच्या आतड्याला चिकटतं आणि दोनेक महिन्यांत नवा जंत अंडी टाकायला मोकळा.

आता खरी गोम. मांसातून माणसाच्या पोटात जंत होतो, मेंदूत पुटी होत नाही. मेंदूत पुटी होते ती अंडी गिळल्यामुळे. आणि अंडी डुकराच्या मांसात नसतातच, ती असतात जंत असलेल्या माणसाच्या विष्ठेत. तिथून हाताला, पाण्याला, भाजीला. अंडं पोटात गेलं की त्याच्या लेखी तुम्ही डुक्कर. पुढचा सगळा प्रवास तोच, फक्त पुटी बसते ती मेंदूत, डोळ्यात, नाहीतर कातडीखाली. मेंदूत बसली तर आकडी येते.

म्हणून डुकराचं मांस जन्मात न खाल्लेल्यालाही हा आजार होतो. कोबीचा संबंध असलाच तर इतकाच, की तो मैलापाण्यावर पिकवलेला असेल आणि नीट न धुता कच्चा खाल्ला असेल.

प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देतो.

---

खटपट्या

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

सांजवात

डॉक्टर, धागा योग्य वेळी काढलात. माझ्या नणंदेच्या मुलीला कॉलेजात असताना आकडी आली. एमआरआयमध्ये छोटी वर्तुळाकार गाठ. डॉक्टर सहज बोलून गेले, ‘डुकराच्या जंताची आहे.’ घर माळकरी, कांदा-लसूणसुद्धा एकादशीला बंद. आजोबांनी जेवण टाकलं. मुलगी होस्टेलवर काय खाते, कुणाबरोबर खाते, याची चौकशी सुरू झाली. ती पोर आजारपणापेक्षा या चौकशीनेच जास्त रडली. तुमचा हा मजकूर छापून त्यांच्या हातात देणार आहे.

---

ढोरवैद्य

@सांजवात, जरूर द्या. आणि सोबत ही हकिगतही सांगा. न्यूयॉर्कमधल्या कर्मठ ज्यू वस्तीत काही जणांना झटके येऊ लागले आणि तपासात मेंदूत याच पुट्या निघाल्या. १९९२ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेली ही केस आहे. चार रुग्ण. डुक्कर त्यांना धर्मानेच वर्ज्य, तेही काटेकोर. मग आलं कुठून? घरात स्वयंपाक, मुलं सांभाळणं वगैरे कामाला लॅटिन अमेरिकेतून आलेल्या बायका होत्या. त्यांची तपासणी केली तेव्हा एकीच्या पोटात टिनिया सापडला. त्या बाईला स्वतःला काही त्रास नव्हता. बहुतेकांना नसतोच. फार तर शौचात पांढऱ्या चपट्या पट्ट्या दिसतात, त्याही लक्ष गेलं तर.

आजोबांना एवढंच सांगा, की मुलीने काय खाल्लं याचा हा पुरावा नाही. कुणाचे तरी हात धुतलेले नव्हते, एवढाच याचा अर्थ.

---

रिकामटेकडा

म्हणजे थोडक्यात, कामवाल्या मावशींची स्टूल टेस्ट करून घ्यायची. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव मांडतो.

---

सांजवात

रिकामटेकडा, आणि गोव्याच्या ट्रिपला जाऊन शॅकवर काय काय चापून आलेल्या साहेबांची टेस्ट कोण करणार? मावशी भाकरी थापते म्हणून संशय तिच्यावर?

---

ढोरवैद्य

सांजवातताईंशी सहमत. जंत कुणाच्याही पोटात असू शकतो. अर्धकच्चं मांस हौसेने खाणारे बहुधा टेबलाच्या या बाजूला बसलेले असतात. तपासणी करायचीच तर घरातल्या कुणाला असं निदान झाल्यावर, आणि तेव्हा मालक, मालकीण, पोरं, मावशी सगळ्यांची. एरवी शौचानंतर आणि कणीक मळण्याआधी साबण, हे सगळ्यांना लागू. आणि ठराव मांडायचाच असेल तर मावशींना सोसायटीतलं शौचालय वापरू द्यावं असा मांडा. कित्येक इमारतींत त्यांना ती सोय नसते.

---

फिल्मबघ्या

मी रेडिओलॉजीत आहे, रोज अशा फिल्म बघतो. थोडी भर घालतो.

आकडी आलेल्या तरुण पेशंटच्या मेंदूत एकुलती एक छोटी गाठ दिसली की पूर्वी आपल्याकडे सरसकट क्षयाची गाठ समजत आणि महिनोन्महिने टीबीची औषधं चालत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या चांडी, राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा काही गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर बऱ्याच गाठी टिनियाच्या मरू घातलेल्या पुट्यांच्या निघाल्या. त्यांचे निबंध १९९० च्या आसपासचे. त्यानंतर देशभर उपचाराची दिशाच बदलली. अशी एकच गाठ बहुतेकदा काही महिन्यांत विरून जाते किंवा चुन्याचा बारीक ठिपका मागे ठेवते. तोवर आकडीची गोळी नेमाने घ्यायची.

दुसरं. होस्टेलवर काय खाल्लं, ही चौकशी मुळातच व्यर्थ आहे. ब्रिटिश फौजेतल्या ४५० रुग्णांचा अभ्यास डिक्सन आणि लिप्स्कम या दोघांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. बहुतेक सगळे हिंदुस्थानात नोकरी करून परतलेले सैनिक. अनेकांना पहिला झटका मायदेशी गेल्यावर काही वर्षांनी आला. पुटी जिवंत असते तोवर शरीराला चकवून गुपचूप पडून राहते. ती मरायला लागली की भोवती सूज येते आणि मग आकडी. तुमच्या भाचीच्या पोटात ते अंडं शाळेत असतानाही गेलेलं असू शकतं.

एक कळकळीची विनंती: हे वाचून कुणी मेडिकलमधून जंताच्या गोळ्यांचा मोठा कोर्स आणून घेऊ नका. मेंदूत पुट्या असतील तर त्या एकदम मरतात, सूज वाढते आणि जिवावर बेतू शकतं. डॉक्टर आधी स्कॅन बघतात, डोळे तपासतात, सोबत सूज कमी करणारी औषधं देतात. पुट्या फार असतील आणि मेंदूला आधीच सूज असेल तर जंताचं औषध देतच नाहीत.

---

मांडवीतीर

गोव्यातून लिहितोय. आमच्या आजोळी जुना संडास होता, घराच्या मागच्या बाजूला, उंचावर. खाली डुक्कर वाट बघत उभं. बसलं की हुंकार ऐकू यायचा, लहानपणी भीतीच वाटायची. बाहेरून आलेल्यांना याचं फार कौतुक, फोटोबिटो काढायचे. आज डॉक्टरांचा फेरा वाचला आणि कळलं, की या जंताला याहून सोयीची व्यवस्था कुणी करून देऊ शकलं नसतं. माणसाचं थेट डुकराला आणि डुक्कर परत माणसाला. आता सेप्टिक टँक आले, तसले संडास शोधूनही सापडायचे नाहीत.

पण एक सांगायला हवं. सोरपोतेल म्हणजे आमचा डुकराचा मसालेदार पदार्थ, त्याचं मांस आधी उकडतात, मग बारीक चिरून परततात, मग मसाल्यात शिजवतात. चोरीस, म्हणजे गोव्याची डुकराची सॉसेजेस, कच्च्या असतात खऱ्या, मीठ-व्हिनेगर-मसाल्यात मुरवून वाळवलेल्या, धुराखाली टांगलेल्या, पण कच्च्या कोण खातो? कांदा-बटाटा घालून शिजवल्यावरच पावात जातात. तेव्हा सांजवातताईंनी शॅकची बदनामी करू नये. :)

अवांतर: व्हिनेगर आणि मिठाने पुट्या मरतात का?

---

ढोरवैद्य

@मांडवीतीर, सुंदर प्रतिसाद. मीठ, व्हिनेगर, धूर यांवर विसंबू नका. तुकडे किती जाड, मीठ किती, मुरलं किती दिवस, यावर सगळं अवलंबून. शिजवणं हा हुकमी उपाय. अखंड तुकड्याच्या आतलं तापमान ६३ अंश सेल्सियसला पोचून वर तीन मिनिटं मुरू द्यायचं, खिमा असेल तर ७१ अंश. आपल्याकडे थर्मामीटर कोण लावतो, पण आतून गुलाबी राहिलं नाही आणि मांस सुटं झालं की काळजी नाही. आपली पारंपरिक पद्धत त्यापलीकडेच शिजवते. धोका आहे तो घाईघाईत वरवर भाजलेल्या जाड तुकड्यांचा.

गोठवण्यानेही मरतात: उणे ५ अंशांना चार दिवस, उणे १५ ला तीन, उणे २४ ला एक. साध्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात मात्र पुट्या आठवडेच्या आठवडे जगतात.

अंड्यांचं वेगळं. मीठ-पाणी, व्हिनेगर, पोटॅशियम परमँगनेट, पाण्यातलं क्लोरीन यांना ती दाद देत नाहीत. पान न् पान सुटं करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. आणि मुंबईत रेल्वे रुळांलगत नाल्याच्या पाण्यावर वाढलेला पालक-माठ असेल तर शिजवूनच खा, सॅलड नको.

---

बर्लिनकर

इकडे जर्मनीत सकाळच्या पावावर कच्चा डुकराचा खिमा लावून खातात, वर कच्चा कांदा. मेट म्हणतात. ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला की ताट भरून येतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोटात ढवळलं. सहकाऱ्याला विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाला, तपासलेलं असतं.

त्या तपासणीमागे मोठं रामायण आहे. इथे भीती टिनियाची नव्हती, ट्रिकिनेलाची होती. हाही डुकराच्या मांसातूनच येतो, पण गोल आणि बारीक. आतड्यात थोडे दिवस राहतो आणि त्याची पिल्लं स्नायूंत जाऊन गुंडाळून बसतात. १८६५ मध्ये हेडर्सलेबेन नावाच्या गावात कच्च्या मांसातून साथ आली, तीनशेच्या वर लोक आजारी पडले आणि शंभरएक दगावले. रुडॉल्फ फिरखो या नामवंत डॉक्टर आणि पुढाऱ्याने त्यानंतर प्रत्येक डुक्कर सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यासाठी रान उठवलं. खाटकांनी विरोध केला, टिंगल झाली, पण शेवटी तपासणी आलीच. त्याच वर्षी प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्कने फिरखोला द्वंद्वाचं आव्हान दिलं होतं, राजकारणावरून. त्यावर शस्त्र म्हणून फिरखोने दोन सॉसेज पुढे केले, एक साधं आणि एक ट्रिकिनेलाने भरलेलं, अशी दंतकथा इथे सांगतात. खरी नसावी, पण मला आवडते.

---

ढोरवैद्य

फिरखोचं नाव काढलंत, बरं वाटलं. आमच्या मांसतपासणीचा मूळपुरुष. आपल्याकडे ट्रिकिनेला क्वचित. आपलं दुखणं दुसरं: छोट्या गावांत डुक्कर कुठल्याशा ओढ्याकाठी कापलं जातं आणि तिथे तपासायला कुणी नसतं. नगरपालिका मोकाट डुकरं पकडायची कंत्राटं काढते, पकडलेली डुकरं दोन गावं ओलांडून पुन्हा उकिरड्यावर. दोष डुकरं पाळणाऱ्यांच्या माथी मारणं सोपं आहे. गावाने शौचालयं वापरली तर त्यांच्या डुकरांना तरी कुठून लागण होईल?

---

वराहमिहीर

माझी कराडजवळ वराहपालनाची शेड आहे, यॉर्कशायर आणि लँडरेस जातींची डुकरं. (आयडी मुद्दाम घेतलाय, हसा.) डॉक्टरसाहेब, माझी जनावरं सिमेंटच्या कोब्यावर असतात, बाहेर सोडत नाही. तरी मागच्या लॉटला कापल्यावर काळजांवर (यकृतांवर) पांढरे डाग निघाले, खरेदीदाराने काळजं फेकून दिली आणि पैसे कापले. हा टिनियाच का? खाद्य म्हणजे मका, सोयापेंड आणि थोडं हॉटेलचं खरकटं.

---

ढोरवैद्य

@वराहमिहीर, आयडी बेस्ट.

नाही, टिनिया नाही. काळजावरचे दुधी डाग म्हणजे बहुतेक वेळा अस्कॅरिस सुअम, डुकराचा गोलकृमी. अंडी पोटात गेली की अळ्या काळजातून वाट काढत फुप्फुसात जातात, तिथून घशात, आणि गिळल्या जाऊन परत आतड्यात. काळजात त्यांनी केलेली जखम भरताना डाग पडतो. नवी लागण थांबली तर महिनाभरात डाग फिका पडत जातो, म्हणजे ते डाग ताज्या लागणीचे. पिल्लं धाप लागल्यासारखी खोकत असतील तर तेही त्याचंच. एक मादी दिवसाला लाखावर अंडी टाकते आणि अंडं इतकं चिवट, की जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं. फिनेलला ते जुमानत नाही. कोबा खरवडून, वाफ किंवा उकळतं पाणी मारून, कडक उन्हात वाळवणं हाच इलाज. डुकरीण विण्याआधी दहा-पंधरा दिवस तिला जंताचं औषध, विण्याच्या जागेत नेण्याआधी तिची कास आणि अंग साबणाने धुणं, आणि दूध तुटल्यावर पिल्लांना औषध. फेनबेंडाझोल किंवा आयव्हरमेक्टिन चालेल, पण मात्रा तुमच्या डॉक्टरकडून वजनावर ठरवून घ्या आणि औषधानंतर कापायला किती दिवस थांबायचं तेही विचारा.

माणसालाही हा होऊ शकतो. डेन्मार्कमध्ये डुकरांच्या संपर्कातल्या मुलांत सापडलाय. म्हणून ताजं लेंडीखत भाजीच्या वाफ्यात टाकू नका. ढीग करून, आत ५५ अंशांवर तापू देऊन, पालटून, मग वापरा.

आता टिनिया. बंदिस्त डुकराला माणसाची विष्ठा मिळाली नाही तर तो होऊच शकत नाही. तेव्हा मला सांगा, तुमच्या शेडवरच्या गड्यांना शौचालय आहे का? की ते चाऱ्याच्या रानात जातात? सगळ्या शेडचा कच्चा दुवा तिथेच असतो.

खरकटं उकळल्याशिवाय अजिबात नको. २०२० साली आसाम-अरुणाचलात आलेला आफ्रिकन स्वाइन फिव्हरही अशा खरकट्यातून पसरतो, आणि त्याला औषध नाही.

---

वराहमिहीर

गड्यांना शौचालय नाही. रानातच जातात. पावसाळ्याच्या आत बांधून घेतो. टिनियाची लस असते असं ऐकलं, खरं का?

---

ढोरवैद्य

खरं आहे. मेलबर्न विद्यापीठात मार्शल लाइटोलर्स यांच्या गटाने टीसोल-१८ नावाची लस शोधली आणि ती तयार करते आपल्याच हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स, सिसव्हॅक्स या नावाने. लस नवी लागण रोखते, आधीच्या पुट्या मारत नाही. त्यासाठी ऑक्सफेंडाझोल हे जंताचं औषध, वजनाच्या किलोला ३० मिलिग्रॅम, एकदाच. तुमच्या शेडला मात्र ही लस गरजेची नाही, शौचालय स्वस्त पडेल. लस कामाची ती मोकाट फिरणाऱ्या डुकरांना.

पेरूच्या उत्तरेकडच्या तुंबेस भागात हे सगळं एकत्र करून पाहिलं: माणसांना पोटातल्या जंताचं औषध, डुकरांना ऑक्सफेंडाझोल आणि लस. २०१६ साली निष्कर्ष छापले गेले. १०७ गावांपैकी १०५ गावांत फेरा तुटला. आपल्याकडे अडचण अशी, की डुक्कर पशुसंवर्धनाचं, माणूस आरोग्य खात्याचा आणि नाला नगरपालिकेचा. या जंताने डुकराचं काही फार बिघडत नाही, वजन भरतं, मग पाळणारा पदरचा खर्च का करील? सरकारने केला तरच होईल.

---

उपासवाली

एक भाबडा प्रश्न. ओले शिंगाडे दाताने सोलून खाल्ले की डुकराचा जंत होतो, असं बिहारची शेजारीण म्हणते. तिची थट्टा केली मी.

---

ढोरवैद्य

थट्टा मागे घ्या, शेजारीण बरोबर सांगते. तो आणखी वेगळा, फॅसिओलॉप्सिस बस्की, पानासारखा चपटा आणि चांगला बोटाएवढा. डुक्कर आणि माणूस दोघांच्या आतड्यात राहतो, अंडी तळ्यात जातात, गोगलगायीत वाढून पाणवनस्पतींना चिकटतात. बिहार-उत्तर प्रदेशात आढळतो. सुरीने सोलून उकडा. उपासाच्या पिठाची भीती नको, वाळवण्यात तो टिकत नाही.

---

बर्लिनकर

अवांतर: १९७० साली कॅनडात क्युबेकमधल्या एका कॉलेजात एका विद्यार्थ्याने खोलीतल्या सोबत्यांच्या जेवणात डुकराच्या अस्कॅरिसची अंडी कालवली होती. चार जण दम्यासारख्या त्रासाने इस्पितळात, काही अगदी अत्यवस्थ. डॉक्टरांना थुंकीत अळ्या सापडल्या तेव्हा उलगडा झाला. रूममेट जपून निवडा.

---

सांजवात

सगळ्यांचे आभार. आजोबांना प्रिंट वाचून दाखवली. न्यूयॉर्कची गोष्ट दोनदा वाचायला लावली. मग विचारलं, ‘म्हणजे आपल्यातच कुणाच्या पोटात असेल?’ आता स्वतःच तपासून घ्यायचं म्हणतात. काय सांगू लॅबमध्ये?

---

फिल्मबघ्या

साधी शौचतपासणी, पण एका नमुन्यावर भागत नाही. जंत रोज तुकडे सोडत नाही. वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने द्या आणि टिनियाची अंडी खास बघायला सांगा. सूक्ष्मदर्शकाखाली गाईच्या मांसातल्या पट्टकृमीची अंडी हुबेहूब अशीच दिसतात, त्यामुळे रिपोर्टमध्ये नुसतं ‘टिनिया’ लिहून येईल. कुणाचं आलंच तर घाबरू नका. डॉक्टर निक्लोसामाइड देतात, ते आतड्यातच काम करतं, रक्तात जवळजवळ जात नाही. आणि नमुन्याची डबी हाताळल्यावर साबणाने हात.